निळ्या ड्रमातला संत्रा

२६ जानेवारी, रविवार

ही वही इंदू मावशीनं पाणी लिहायला दिली. कोणत्या कुंडीला कधी घातलं, किती झाऱ्या घातल्या. पुढच्या पानांवर तिनं रकाने आखून ठेवले, शाळेच्या हजेरीसारखे. म्हणून मी मागून सुरू केली. मागची पानं माझी.

मावशी काल अकोल्याला गेली. तिच्या मुलीचं, सीमाचं पहिलं बाळंतपण आहे, पाडवा झाल्यावरच येणार. जाताना कुलपाचं दोन मिनिटं सांगितलं आणि झाडांचं दीड तास. चौसष्ट कुंड्या! मोगऱ्याले इतकं, पुदिन्याले तितकं. मी माणूस आहे की झारी, एकदाचं सांगून टाका.

तरी राहिलो, कारण दुसरीकडे जायला जागा नाही. नांदगाव पेठेतल्या धाग्याच्या कंपनीत सात महिने काढले, सुपरवायझरशी वाजलं. मग ट्रकवर क्लीनर, रायपूरपर्यंत गेलो. तिथं एका ढाब्यावर बोलणारी मैना होती, ती ड्रायव्हरलाच शिव्या द्यायची... ते जाऊ दे. दिवाळीत धामणगावला घरी गेलो तर बाबा म्हणाला, "एका जागी टिकून दाखव, मग तोंड दाखव." तेव्हापासून फोन उचलत नाही. मी अकरा वेळा लावला. आता मीही लावत नाही. पाहू कोण थकते.

आज सकाळी सातला बेल वाजली. दारात देवमन काका, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर, आणि बँकेतल्या पौर्णिमा ताई. हातात चहाचा थर्मास, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या काड्या. दर रविवारी मावशीच्या गच्चीवर यांची बैठक असते म्हणे, मावशी असो की नसो. शेजारच्या गच्चीवरून बिस्मिल्ला चाची कमरेएवढ्या भिंतीवर कोपर टेकून सामील होते. तासभर कढीपत्त्याले ताक घालावं की नाही यावर भांडले. मी उभा.

"हा कोण?" काकानं विचारलं, माझ्यासमोरच.

"इंदूबाईचा भाचा," चाची म्हणाली. "कुलदीप."

"रामरावचा पोरगा? तो फिरता? मंग हा पानसोट आहे राजेहो."

सगळे हसले. ताईनं मला समजावून सांगितलं, जसं काही मी विचारलं होतं: संत्र्याच्या झाडाला सरळसोट फांदी फुटते, जोमानं वाढते, सगळं पाणी पिते, फळ मात्र धरत नाही. तिला पानसोट म्हणतात. कापून टाकतात.

चहा पण यांनीच पिऊन संपवला.

२९ जानेवारी, बुधवार

चाचीच्या गच्चीवर निळ्या ड्रममध्ये संत्र्याचं झाड आहे, माझ्या डोक्याच्या वर गेलेलं. काल मी पाइप धरून होतो, म्हटलं चाची, तिकडे पण मारू का पाणी?

"नको रे बाप्पा! त्याचं पाणी तोडलं आमी. थेंब नाही घालायचा."

काहून, असं विचारणार होतो, तेवढ्यात मावशीचा फोन आला, ती तुळशीचं विचारत बसली.

आज कारण कळलं. चाचीचा मुलगा गुलफाम अकोल्यात असतो, तिसऱ्या माळ्यावर. रमजानच्या आधी तो आईबापाला तिकडे नेणार आहे. ड्रम कोण नेणार? म्हणून झाडाला तहानेनं मारून राहिले. सोपं आहे. कापायला हात धजत नाही, मग पाणी तोडायचं आणि आपोआप मेलं म्हणायचं. लोक असेच असतात. आधी वाढवतात, आणि अडचण झाली की नळ बंद.

राग इतका आला की मोगऱ्याला दोनदा पाणी घातलं.

२ फेब्रुवारी, रविवार

बैठक. ड्रमवरून जुंपली.

चाचीचा नवरा गयासुद्दीन चाचा. वरुडकडच्या नर्सऱ्यांमध्ये चाळीस वर्षं त्यानं संत्र्याची कलमं बांधली. जंबेरी म्हणजे रानटी लिंबाची जात, भयंकर काटेरी. तिच्या खुंटाला चीर द्यायची, संत्र्याचा एक डोळा, म्हणजे फांदीवरचा कोंब, त्यात बसवायचा, वरून पट्टी. मूळ जंबेरीचं, झाड संत्र्याचं. ड्रममधलं हे त्याचं शेवटचं कलम. ज्या झाडावरून डोळा घेतला ते झाड रस्त्यात गेलं, आता जगात हे एकच. त्यानंतर चाचाच्या डोळ्यांवर पडदा आला, हात थरथरायला लागला, आणि कोरोनात नाकाचा वास गेला तो आलाच नाही. जिना चढत नाही. खाली दारात खुर्चीवर बसलेला असतो.

"चाची, वाईट नका वाटून घेऊ," काका म्हणाला, "पण ते संत्रा नाही. चाचाचा हात तवाच कापत होता. डोळा मेला, खालचा खुंट वाढला. काटे पाहा ना! जंबेरी आहे ते, लोणच्याच्या कामाचं."

"काटे खालच्या फांद्याले आहेत," चाची म्हणाली. "वरचं संत्राच आहे. कळी येऊ द्या. जंबेरीची कळी जांभळी, संत्र्याची पांढरी. मंग बोला."

"अन् गुलफाम काय म्हणते?" काकानं विचारलं.

"तो म्हणते, संत्रा असंल तर नेतो टेम्पोत. काट्याचं झाड असंल तर ड्रम कबाड्याले."

म्हणजे कळीच्या आधीच तहानेनं मारलं की नेण्याची कटकटच नको, असंच ना? मी खाली चाचाला चहा द्यायला गेलो होतो, तर त्यानं एवढंच विचारलं, "वरचं झाड कसं आहे?" सुकून राहिलं म्हटलं. तर हसला! म्हातारा स्वतः हसला. काय माणसं आहेत.

काका मला म्हणाला, "पोट्ट्या, तुमी पऱ्हाटीवाले, कापसाचे लोक, तुमाले संत्र्याचं काय माहीत. आंबिया बहार म्हणजे थंडीनंतरची फुलं, त्याचं असं असते..." तेवढ्यात खाली गल्लीत रायपूरकडचा, सीजी पासिंगचा एक ट्रक रिव्हर्स घेता घेता अडकला. हॉर्न ऐकला की माझे पाय थांबत नाहीत. अर्धा तास ड्रायव्हरला बाजू दाखवली, त्यानं तंबाखू दिली. वर आलो तर सगळे गेले होते. काकाचं सांगणं राहून गेलं. जाऊ दे, सांगून सांगून काय सांगणार होता.

५ फेब्रुवारी, बुधवार

पानं गुंडाळायला लागली. विड्यासारखी. दुपारी पाहवत नाही.

दीड वाजता चाची नमाजला आणि चाचाला जेवू घालायला खाली जाते. मी भिंतीवरून उडी मारली. ड्रममध्ये वर वाळका पाला पसरलेला आहे. तो बाजूला केला, दोन बादल्या हळूहळू ओतल्या, पाला परत वर. खालून गळू नये म्हणून भोकांखाली पोतं.

माती अशी पीत होती की आवाज येत होता.

कोणाला सांगणार नाही. मावशीच्या रकान्यात तर मुळीच लिहिणार नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

आज हसू दाबून दाबून पोट दुखलं. चाचीनं पाल्याखाली बोट घातलं आणि घाबरली.

"ओल मरून नाही राहिली हो! बारा दिवस झाले."

काका म्हणाला, भोकं बुजली. सळई आणली, वाकून भोकं कोचली, कंबर धरून बसला. ताई म्हणाल्या ड्रम जाड आहे, थंडी आहे अजून. तिघं ड्रमभोवती डॉक्टरसारखे. मी शेवंतीची वाळकी फुलं खुडत होतो, अगदी गरीब.

मारायला निघाले होते. मरत नाही. मी आहे ना.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

रोज दोन बादल्या. एकदाही चुकवलं नाही. एका जागी टिकत नाही म्हणणाऱ्यानं येऊन पाहावं.

मावशीचा फोन. सीमाला मुलगी झाली. मी म्हटलं मिठाई? ती म्हणाली, "आधी सांग, जेवतोस का बरोबर? तुझा बाप..." आणि थांबली.

"बाबाचं काय?"

"काही नाही. रोज फोन करते मला. सीमाची चौकशी."

सीमाची चौकशी! आजवर कधी सीमाच्या लग्नाची तारीख लक्षात राहिली नाही त्याच्या. म्हणजे माझ्या चुगल्या चालल्या असतील. दोघं मेव्हणा-मेव्हणी मिळून. फोन ठेवून दिला. नंतर आठवलं, बाळाचं वजन विचारायचं राहिलं.

१९ फेब्रुवारी, बुधवार

पालवी! पोपटी, लुसलुशीत, झाडभर. खालच्या काटेरी फांद्या तर हातभर वाढल्या. असं वाटलं रस्त्यावर जाऊन ओरडावं. गिला वडा खाल्ला दोन प्लेट.

चाचीनं पालवी पाहिली आणि मटकन बसली. आनंद झाला असेल म्हटलं. पण ती खाली गेली ती दिवसभर वर आलीच नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

बैठकीत आज कोणी भांडलं नाही. काका म्हणाला, "नुसता पाला. कळीचा पत्ता नाही. चाची, आता तरी माना." चाची ड्रमातला पाला सारखा करत राहिली. ताईनं विषय काढला टोमॅटोच्या रोपांचा.

मी चिडून गेलो. हिरवंगार झाड समोर आहे आणि सुतक पाळून राहिले.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

जसं झालं तसंच लिहितो.

सकाळी गुलफाम टेम्पो घेऊन आला. सामान भरलं. काका, ताई निरोपाला आले. चाचा दारात खुर्चीवर, नवा शर्ट घातलेला. गुलफामनं विचारलं, "अब्बा, त्या ड्रमचं काय करायचं?"

चाचा म्हणाला, "दे कबाड्याले. देवमन बरोबर होता. हात गेला होता माझा, मीच मानत नव्हतो. डोळा मेला असंल."

काका म्हणाला, "चाचा, असं नाही, वय होते माणसाचं..."

तो दयेचा आवाज ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी ओरडलो. सगळ्या गल्लीत ऐकू गेलं असेल. "काहून मेला? हिरवंगार झाड आहे वर! तुमी सारे मिळून त्याले मारून राहिले होते! पाणी तोडलं, पानं गुंडाळली, कोणाले दया नाही आली! मी घातलं पाणी! रोज दोन बादल्या, भिंतीवरून उडी मारून! म्हणून जगलं ते!"

गुलफामच्या हातातली गादी खाली पडली.

चाचानं मान माझ्या आवाजाकडे वळवली. "किती दिवस?"

"बावीस."

"पाल्याखाली?"

"हो. वर पाला सारखा करून."

चाचा हसायला लागला. आधी हळू, मग खांदे हलायला लागले, मग खोकला लागला. चाचीनं माझ्या पाठीत धपाटा घातला, मग दुसरा, आणि तिसऱ्याच्या वेळी रडायला लागली. "अरे मुर्दाडा! महिनाभर मी अल्लाले विचारून राहिली, ओल कुठून येते, ओल कुठून येते!"

"म्हणजे झाडाची चूक नाही," चाचा म्हणाला. "माझ्या हाताची पण नाही. ऐकलं का देवमन? हे पोट्टं पाणी घालून राहिलं होतं."

काका खाली वाकून गुलफामची गादी उचलायला लागला.

मग चाचानं मला जवळ बसवून सांगितलं. संत्र्याला पोटभर पाणी मिळालं की ते नुसती पानं काढते. बहार पाहिजे तर पाणी तोडावं लागते. झाडाला वाटलं पाहिजे, आता आपलं काही खरं नाही. मग पाणी दिलं की ते कळ्या काढते. सगळ्या वरुडच्या बगिच्यात असंच करतात, तिथलं लेकरू पण जाणते.

"मंग मला कोणी सांगितलं काहून नाही?" मी म्हटलं.

"मी सांगत होतो," काका म्हणाला. "तू ट्रक पाहाले पळाला."

तरी बोललो, "हे काही शास्त्र आहे का? मरायची भीती दाखवायची आणि फुलं घ्यायची?" चाचा म्हणाला, "भीती कोण दाखवते? आमी रोज बोट घालून पाहतो ना मातीत. जो रोज पाहते, तो मरू देत नाही."

मला नाही पटलं.

गुलफामला घाई होती. चाचानं त्याला सांगितलं, ड्रम इंदूबाईच्या गच्चीवर राहील. कळी पाहून ठरवू. आणि मला: "उद्यापासून पाणी बंद. खालचे पानसोट काप. सकाळी पण पानं उलगडली नाहीत, की पाणी दे. त्याच्या आधी नाही. थांबशील का तवरोक?"

गुलफाम म्हणाला, "हा? अब्बा, हा तर..."

"थांबतो," मी म्हटलं. रागात माणूस काहीही बोलतो.

१ मार्च, शनिवार

काकानं, ताईनं आणि मी मिळून ड्रम भिंतीवरून इकडे घेतला. पानसोट मीच कापले. काटे कोपरापर्यंत लागले. काका पाहत उभा होता. पानसोटावरून काही बोलला असता तर कात्री माझ्या हातात होती.

६ मार्च, गुरुवार

दुपारी पानं गुंडाळली. सकाळी उलगडतात. म्हणजे अजून नाही.

चौसष्ट कुंड्यांना पाणी घालायचं आणि एका ड्रमसमोरून भरली झारी घेऊन जायचं. हा कसला धंदा आहे? रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी बोट घालून पाहतो. बोटाचं नख मोडलं.

९ मार्च, रविवार

ज्याच्या ट्रकवर मी होतो त्या श्यामचा फोन. सुरतची ट्रिप, उद्या सकाळी, लगेच निघ. मी बॅग भरली. मग गच्चीवर गेलो, दोन बादल्या भरल्या, म्हटलं घालून टाकतो आणि जातो, कटकट नको. पाला बाजूला केला. माती खडखडीत, ड्रमपासून सुटलेली. बादली तशीच धरून उभा राहिलो. मग पुदिन्यात ओतली. पुदिना बुडाला.

श्यामला सांगितलं, दुसरा पाहा. तो म्हणाला, झाडासाठी? हसत होता. त्याला दिलेल्या शिव्या इथं लिहीत नाही, मावशीची वही आहे.

संध्याकाळी चाचीचा फोन, रोजा सुटल्यावर.

"घातलं का पाणी?"

"नाही."

"राग येऊन राहिला?"

"हो. लय."

"येऊ दे. पाणी नको घालजो."

१२ मार्च, बुधवार

आज सकाळी सात वाजता पण पानं गुंडाळलेलीच. चाचाला फोन लावला. म्हणाला, "दे." दोन बादल्या दिल्या, उघडउघड, लपवाछपवी न करता. मावशीच्या रकान्यात पहिल्यांदा लिहिलं: ड्रम, दोन.

२३ मार्च, रविवार

कळ्या! ज्वारीच्या दाण्याहून बारीक, हिरव्या. काका भिंग घेऊन आला, डाकतिकीट पाहावं तसा पाहत बसला.

"जांभळी झाक आहे."

"कुठं आहे जांभळी? चष्मा पुसा!"

"हे पाह्य, टोकाले."

"ती सावली आहे तुमच्या नाकाची!"

ताई मध्ये पडल्या. "थांबा ना दोघं चार दिवस. बैलासारखे काय झुंजता?"

रात्री मीच मोबाइलची बत्ती लावून पाहिलं. टोकाला काहीतरी आहे. नाही. आहे. झोप नाही.

३० मार्च, रविवार, पाडवा

एसटीत लिहितो आहे, अक्षर असंच येणार.

पहाटे वास आला. आधी कळलंच नाही कसला. गच्चीवर गेलो तर पाच फुलं उघडलेली. पांढरी. आतून, बाहेरून, मागून, देठापाशी, सगळीकडून पांढरी. बाकीच्या कळ्याही मोजल्या, एकीलाही जांभळा ठिपका नाही.

फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. चाचाला दिसत नाही, वास येत नाही. मी सांगितलं तर म्हणेल, पोट्टं चांगलं आहे, म्हाताऱ्याचं मन राखून राहिलं. चाची सांगेल तरी तेच. सगळेच त्याचं मन राखतात, हाच तर त्रास आहे.

काकाच्या घरी गेलो. काका गुढीला कडुलिंब बांधत होता. हात धरून गच्चीवर आणला. त्यानं भिंग लावलं, काढलं, परत लावलं.

"तुमी सांगा चाचाले," मी म्हटलं. "तुमीच जंबेरी म्हटलं, तुमीच सांगा. तोंडावर."

"आज पाडवा आहे रे. उद्या फोन..."

"फोन नाही. आता. चला!"

मावशीला कळवलं, येऊन राहिलो, गुलफामला सांग, ड्रमसाठी टेम्पो बघ. ती म्हणाली, "बाई गं! रामराव सकाळीच विचारत होता, पोट्टं अजून तिथंच आहे ना म्हणून."

"कामात आहे म्हणाव."

तर आता काका शेजारी बसला आहे. मांडीवर स्टीलचा डबा, डब्यात ओल्या फडक्यात एक फांदी. पोरसवदा कंडक्टरशी तिकीट फाडण्यावरून एकदा भांडून झालं त्याचं. मूर्तिजापूर गेलं. खिडकीकडे तोंड करून ओठ हलवून राहिला.

"म्हणून दाखवा एकदा," मी म्हटलं.

"काय?"

"जे सांगायचं ते."

त्यानं डब्याकडे पाहिलं. "पांढरी आहे, चाचा."

"मोठ्यानं. त्याले ऐकू पण कमी येते."

"पांढरी आहे!" काका इतक्या जोरात ओरडला की पुढच्या सीटवरचं लेकरू जागं झालं.

हां. असं.